वगळलेली ओळ

आमची मराठी शाळा म्हणजे दर दुसऱ्या रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी अकरा मुलं आणि त्यांच्याहून जास्त गोंगाट करणारे आम्ही मोठे. यंदा २३ जानेवारीच्या सुमारास मुलांना नेताजींची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच हो म्हटलं, कारण गोष्ट तोंडपाठ होती. जर्मनीतलं कील बंदर, पाणबुडी, महिनोन्महिने पाण्याखालचा प्रवास, आणि मग मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून एका पाणबुडीवरून दुसऱ्या पाणबुडीवर. चौथीत असताना बाईंनी ती सांगितली तेव्हा आम्ही पन्नास पोरं मधली सुट्टी विसरून बसलो होतो.

मुलं प्रश्न विचारतात म्हणून त्या पाणबुडीची जरा माहिती काढून ठेवली. यू-१८० हे तिचं नाव. तिच्या कामगिरीचा इतिहास एका पानात संपतो. १९४३ च्या फेब्रुवारीत कीलहून निघाली. २८ एप्रिलला सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना जपानच्या आय-२९ या पाणबुडीच्या हवाली केलं. जूनमध्ये एक ग्रीक जहाज बुडवलं. पुढे १९४४ च्या ऑगस्टमध्ये बिस्केच्या उपसागरात ती सगळ्या खलाशांसकट नाहीशी झाली. लांबच्या प्रवासासाठी बांधलेली बोट. इंजिनं मात्र धूर ओकणारी, आत उकाडा आणि डिझेलचा वास.

पण २८ एप्रिलच्या वर आणखी एक ओळ आहे. १८ एप्रिल १९४३, ब्रिटिश तेलवाहू जहाज ‘कॉर्बिस’ दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे बुडवलं. जहाजावरची बहुतेक माणसं मेली. म्हणजे त्या वेळी नेताजी त्याच पाणबुडीत होते. आमच्या बाईंच्या गोष्टीत ही ओळ नव्हती.

मग साहजिकच आय-२९ ची नोंद उघडली, आणि ती उघडली नसती तर बरं झालं असतं असं दोन दिवस वाटत राहिलं. २३ नोव्हेंबर १९४२. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही प्रवासी बोट आय-२९ ने अरबी समुद्रात टॉर्पेडो मारून बुडवली. बोटीवर साडेनऊशेच्या आसपास माणसं होती. २८० गेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेनं वाचवून मुंबईला परत आणलं. प्रवासी मुख्यतः हिंदी, पूर्व आफ्रिकेत दुकानं आणि नोकऱ्या असलेले, बायकामुलांसह निघालेले. तुमच्याआमच्यासारखेच, परदेशी पोट भरायला गेलेले. अशा बोटींवर खलाशी आणि बटलर म्हणून कोकणातली, गोव्याची माणसं असायची. त्याच आय-२९ ने पाच महिन्यांनी नेताजींना उचललं.

‘तिलावा’वर चांदीही होती, २,३६४ लगडी. २०१७ मध्ये ती अडीच किलोमीटर खोल पाण्यातून वर काढली गेली आणि तिच्यावरून झालेला वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल २०२४ मध्ये लागला. चांदीचा हिशोब लागला म्हणायचा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त इतिहासशिक्षक राहतात. नोर नदीकाठानं किल्ल्यापर्यंत फिरायला जाताना अधूनमधून भेटतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. “म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच,” म्हणाले. १९१६ च्या गुड फ्रायडेला रॉजर केसमेंट जर्मन पाणबुडी यू-१९ मधून केरीतल्या बॅना किनाऱ्यावर उतरला, हे इथल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतं. काही तासांत पकडला गेला, ऑगस्टमध्ये लंडनला फासावर गेला. यू-१९ चा कप्तान होता राइमुंड वाइसबाख. हाच वाइसबाख त्याआधी यू-२० वर टॉर्पेडो अधिकारी होता. आणि ७ मे १९१५ रोजी यू-२० ने किन्सेलजवळ ‘लुसिटानिया’ बुडवली. जवळजवळ बाराशे माणसं गेली. त्यातली कित्येक आयर्लंडमध्येच कोव्हला पुरलेली आहेत. म्हणजे ज्या हातानं ‘लुसिटानिया’वर टॉर्पेडो सोडला, त्याच हातानं वर्षभरात केसमेंटला घरी आणून सोडलं. १९६६ मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, म्हातारा वाइसबाख आयर्लंडला येऊन समारंभात सहभागी झाला. “त्याचं स्वागत झालं,” मास्तर म्हणाले, “आणि व्हायलाच हवं होतं. पण कोव्हची आठवण त्या दिवशी कुणी काढली असेल असं वाटत नाही.”

आता यावर उत्तरं आहेत, आणि ती मला पटतातही. कुठली पाणबुडी मिळावी हे नेताजींच्या हातात नव्हतं. ‘कॉर्बिस’वर हल्ला करायचा हुकूम कप्तान मुझेनबर्गचा. जहाज शत्रूचं तेल नेत होतं. आणि ज्या साम्राज्याविरुद्ध ते निघाले होते, त्याचे हात काही स्वच्छ नव्हते. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. गुलामाला स्वच्छ वाहन कोण देणार? १९३६ मध्ये नेताजी डब्लिनला डी व्हॅलेरांना भेटले होते. मदत कुणाकडून घ्यावी हा प्रश्न या दोन्ही देशांना नवा नव्हता.

तरी मला वाटतं, दोष आणि देणं यांत फरक आहे. ‘कॉर्बिस’च्या खलाशांच्या मरणाचा दोष मी प्रवाशावर टाकणार नाही. (बर्लिनच्या दारात जाण्याचा निर्णय त्यांचा होता. तो प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.) पण त्या प्रवासाचा थरार ऐंशी वर्षं आम्ही फुकट वापरतोय. गोष्ट रंगते ती पाणबुडीमुळे. नेताजी साध्या बोटीनं गेले असते तर पन्नास पोरं मधली सुट्टी विसरली नसती. मग ती पाणबुडी एरवी कशासाठी बांधली होती, हे गोष्टीतून काढून टाकायचं आणि तिची शोभा तेवढी ठेवायची, हे उधार घेऊन नाकारण्यासारखं आहे. माझं काम नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांचं. तक्त्यातली एक ओळ वगळली की आलेख किती सुंदर दिसतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

वगळलेली ओळ वाचून दाखवणाऱ्याचं काय होतं, तेही या गावाला माहीत आहे. इथून जवळच बेनेट्सब्रिजला ह्युबर्ट बटलर नावाचे निबंधकार राहायचे. युद्धात क्रोएशियात ऑर्थोडॉक्स सर्बांवर जबरदस्तीनं धर्मांतर लादलं गेलं, हे त्यांनी १९५२ मध्ये डब्लिनच्या एका सभेत सांगायला सुरुवात केली, तर पोपचे राजदूत उठून निघून गेले. त्यानंतर, जी किलकेनी पुरातत्त्व संस्था त्यांनीच पुन्हा उभी केली होती, तिच्यातूनच त्यांना बाहेर पडावं लागलं. २००० मध्ये महापौरांनी जाहीर माफी मागितली. बटलर १९९१ मध्येच गेले होते.

अकरा मुलांपुढे मी काही बटलर नव्हे. बायको म्हणाली, “आठ वर्षांची पोरं आहेत, त्यांना बुडालेली माणसं कशाला?” मला बाईंची आठवण झाली. त्यांनाही कदाचित असंच वाटलं असेल.

रविवारी गोष्ट सांगितली. रबरी होडीपाशी आलो तेव्हा सगळी गप्प झाली, अगदी आमच्यासारखी. तिथे थांबून मी म्हटलं, या पाणबुडीनं दहाच दिवसांपूर्वी एक जहाज बुडवलं होतं, आणि समोरच्या पाणबुडीनं मुंबईहून निघालेली एक बोट. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मग नेताजींना ते माहीत होतं?”

मी म्हटलं, जहाजाचं नक्की माहीत होतं. बोटीचं मलाही सांगता येत नाही.

“आणि मग ते तरी बसले?”

हॉलची वेळ संपत आली होती, पुढची मंडळी दारात उभी होती. खुर्च्या रचायला लागलो तरी ती मुलगी तिथेच उभी होती.