राहुलाचा वारसा आणि आपली मुले



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दीक्षा मोठी माणसे घेतात. तिचे फळ मात्र मुलांत दिसते. आपण या मार्गावर नव्याने आला आहात. उद्या शाळेत सरस्वतीपूजन असेल, मुलाला नारळ-फुले आणायला सांगतील. गावाकडची आजी म्हणेल, नातवाचे जावळ देवापुढेच काढायचे. तेव्हा आईबापांनी काय करावे?

प्रथम आपला हक्क ओळखा. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानाचे 25 वे कलम सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. 28 वे कलम सांगते की, राज्यमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून मुख्याध्यापकांना साध्या कागदावर लिहून द्या : आमचे कुटुंब बौद्ध आहे, पूजेत मुलाने भाग घेण्यास आमची संमती नाही. भांडण नको, पण भीतीही नको. दाखल्यावर धर्म 'बौद्ध' असाच लिहा. सवलती जातील म्हणून 'हिंदू' लिहिण्याचे कारण उरलेले नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे.

केरळात 1985 साली यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढले. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेपायी गात नसत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. त्यांची श्रद्धा आपली नव्हे, आपण राष्ट्रगीत अभिमानाने गातो. पण मूठभरांच्या मुलांनाही संविधानाचे छत्र आहे, हे त्यातून शिकावे.

आता आपला धम्म काय म्हणतो ते ऐका. तथागत कपिलवस्तूला आले, तेव्हा आईच्या सांगण्यावरून लहानगा राहुल वारसा मागत त्यांच्या मागे गेला. तथागतांच्या आज्ञेने सारिपुत्तांनी त्याला प्रव्रज्या दिली. शुद्धोदनाला अतोनात दुःख झाले. आईबापांच्या परवानगीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्याने केली, आणि तथागतांनी तसा नियमच घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी आईबापांच्या हक्काचा असा मान राखला गेला!

पण बंधूंनो, हक्काबरोबर कर्तव्य येते. सिगालसुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत : पापापासून आवरणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या-कला शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि वेळेवर वारसा सोपविणे. यात मारून-मुटकून श्रद्धा लादणे कोठेही नाही. मुलाने विचारले, "आपण गणपती का बसवत नाही?" तर त्याला गप्प करू नका. बावीस प्रतिज्ञा त्याला कळतील अशा शब्दांत सांगा. कालामांना तथागतांनी तपासून स्वीकारायला सांगितले, तोच मान आपल्या मुलालाही द्या. आजीचा अपमान करू नका. तिलाही प्रेमाने समजवा.

आणि भिंतीवर बुद्ध, पण माळ्यावर जुना देव्हारा, असे करू नका. शाळेची सक्ती कायद्याने थांबते. घरातला दुटप्पीपणा कोणता कायदा थांबवील? मूल आपले शब्द विसरेल, वागणे विसरणार नाही. रोज सायंकाळी त्याला जवळ बसवून त्रिसरण-पंचशील म्हणा आणि त्याच पंचशीलाने दिवसभर वागा. राहुलाने मागितलेला वारसा तो हाच.

नमो बुद्धाय! जय भीम!