चांगली बाहुली कोणती?

चार बाहुल्या. चौघींचा साचा एकच, अंगावर फक्त लंगोट. फरक इतकाच की दोघी तपकिरी रंगाच्या, काळ्या केसांच्या. आणि दोघी गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. समोर तीन ते सात वर्षांचे कृष्णवर्णीय मूल. जिच्याशी खेळायला आवडेल ती दे, छान आहे ती दे, वाईट दिसते ती दे, अशा एकेक विनंत्या होत जातात. आठवी आणि शेवटची विनंती असते, तुझ्यासारखी दिसते ती दे.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास अमेरिकेत केलेला हा प्रयोग वंश आणि आत्मसन्मान यांच्याविषयीच्या चर्चेत आजही पहिल्यांदा निघतो. कल्पनेचे मूळ मेमी यांच्या पदव्युत्तर प्रबंधात होते, पण नाव बहुधा नवऱ्याचेच घेतले जाते. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात २५३ मुलांची उत्तरे आहेत. त्यांपैकी ६७ टक्के मुलांना खेळायला गोरी बाहुली हवी होती. ५९ टक्क्यांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली उचलून दिली. आणि तुझ्यासारखी कोणती, या विनंतीला ६६ टक्क्यांनी तपकिरीच दिली. म्हणजे काही क्षणांपूर्वी जिला वाईट ठरवले, तीच आपण, असे त्यांतल्या अनेकांना आपल्याच हाताने दाखवावे लागले. काही मुले तिथेच रडत खोलीबाहेर पळाली. आर्कान्सामधल्या एका मुलाने मात्र तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवून, काळ्यांना दिली जाणारी शिवी हसत हसत स्वतःलाच लावून घेतली. केनेथ यांना रडणाऱ्या मुलांइतकेच हे हसूही अस्वस्थ करून गेले.

दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्याविरुद्धच्या खटल्यांत केनेथ यांनी साक्ष दिली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या. वेगळे ठेवल्याने मुलांच्या मनात कमीपणा रुजतो, असे कारण निकालात आहे आणि त्याखालच्या अकराव्या तळटीपेत पहिले नाव क्लार्क यांचे आहे.

निकाल योग्यच होता. प्रयोगाचा त्यासाठी लावलेला अर्थ मात्र तितका सरळ नव्हता. २५३ पैकी १३४ मुले आर्कान्सातल्या वेगळ्या शाळांमधली होती, तर ११९ मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डच्या, जिथे काळी-गोरी मुले एकाच वर्गात बसत. खेळायला गोरी बाहुली मागणारी मुले आर्कान्सात ६२ टक्के आणि स्प्रिंगफिल्डमध्ये ७२ टक्के निघाली. शाळेची भिंत हेच एकमेव कारण असते, तर आकडे उलटे यायला हवे होते. बाहुल्या दुकानात, चित्रे पुस्तकात, नायक-नायिका पडद्यावर. गोरेपणाची थोरवी मुलापर्यंत पोहोचवायला शाळा एकटी नव्हती.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. जग कोणत्या रंगाला चांगले म्हणते हे मुलाला ठाऊक असणे आणि मुलाने स्वतःला वाईट मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहुली पहिली गोष्ट दाखवते; दुसरी त्यावरून गृहीत धरली गेली. मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळकरी मुलांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा काळ्या मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळला नाही. मूल स्वतःची किंमत ठरवते ती आई, आजी, शिक्षक, शेजारपाजारची मुले यांच्या नजरेवरून. परक्याचे मत त्याला कळते, पण मनाला लागतेच असे नाही.

याचे उत्तम उदाहरण क्लार्क यांच्याच घरात होते. केनेथ यांची आई मिरियम मुलांना घेऊन पनामाहून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली आणि कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करू लागली. मुलाला हातकामाच्या शाळेत घाला, असा सल्ला मिळाला तेव्हा ती थेट शाळेत गेली आणि मुलाला कारखान्यात धाडायला आपण इतक्या लांब आलो नाही, असे सुनावून आली. पुढे केनेथ यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. शिकवणाऱ्याचे मत आणि आईचे मत यांत कोणाचे जड, हे त्या मुलाने डोळ्यांदेखत पाहिले होते.

या घरच्या वळणाला मानसशास्त्रात वांशिक सामाजिकीकरण म्हणतात. त्याचे दोन मुख्य धागे आहेत. एक, आपल्या पूर्वजांचा इतिहास आणि अभिमान. दुसरा, पुढे येणाऱ्या भेदभावाची पूर्वसूचना. पोलिसाने गाडी अडवली तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, हे काळ्या घरांत मुलाला गाडी शिकवतानाच सांगितले जाते. अभिमानाचा धागा पक्का असलेल्या मुलांचा आत्मसन्मान सहसा बरा आढळतो. नुसतीच भीती आणि अविश्वास पाजला, तर तसे होत नाही.

संस्कार नेहमी मुद्दाम केलेले नसतात. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे मराठी घरात कौतुकानेच म्हटले जाते. मुलगी त्यातला ‘पण’ तेवढा लक्षात ठेवते.

घराच्या पलीकडे समाजानेही उत्तर शोधले. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्यांनी ‘निग्रो’ हे नाव टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द ताठ मानेने घेतला. त्याच काळात उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथर या त्यांच्या संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी आपल्या संघटनेला दलित पँथर म्हटले.

बाहुल्याही बदलल्या. १९६५च्या वॉट्स दंगलीने होरपळलेल्या लॉस एंजेलिसमध्ये १९६८ साली काळ्यांनीच शिंदाना हा खेळण्यांचा कारखाना उभारला. त्याची पहिली बाहुली, बेबी नॅन्सी, गोऱ्या साच्यावर तपकिरी रंग चढवून केलेली नव्हती. तिचे नाक आणि ओठ नव्याने घडवले होते आणि पुढे तिला आखूड कुरळे केसही मिळाले. कारखाना १९८३ मध्ये बंद पडला.