दृष्ट फळ आणि पहिलं चार्जिंग

नवी ई-स्कूटर दारात आली की हळद-कुंकू लागतं, हार चढतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. पाठोपाठ कोणीतरी सांगतं: पहिले काही दिवस बॅटरी सावकाश चार्ज करा, पार उतरू देऊ नका. हाही नियम तितक्याच निष्ठेने पाळला जातो. त्याचं फळ काय, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी ते विचारलं असतं. यज्ञासाठी भात कांडावा असा विधी आहे. कांडण्याचं फळ डोळ्यांना दिसतं, तूस निघतं. पण तूस नखांनीही सोलता येतं. मग मुसळच का? तेवढ्या नियमापुरतं त्यांनी ‘अपूर्व’, म्हणजे अदृष्ट फळ मानलं. दृष्ट फळ हाताशी असताना अदृष्टाची कल्पना करायची नाही, हा त्यांचा दंडक. आणि अपूर्वाचा आधार मिळतो तो फक्त वेदाज्ञेला. माणसाच्या सूचनेला तो मिळत नाही. लिंबाची गोष्ट वेगळी, ती उघड श्रद्धा आहे. बॅटरीचा नियम भौतिक फळाचा दावा करतो, तेव्हा त्याने ते दाखवायला हवं.

लिथियम बॅटरीत ते फळ खरंच आहे, फक्त ते कारखान्यातच पदरात पडतं. तिथे कोऱ्या सेलला कमी करंटवर तासन्‌तास पहिल्यांदा चार्ज करतात. इलेक्ट्रोलाइटचा थोडा अंश ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर विघटित होऊन अतिशय पातळ थर बसतो. त्यात काही लिथियम कायमचं अडकतं, पण तोच थर पुढची झीज आवरतो. रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये अशा थराचं स्वरूप मांडलं. विकत घेतलेल्या सेलवर हा संस्कार होऊन गेलेला असतो. नवा फोन रात्रभर चार्जिंगला लावण्याची सवय तर निकेल बॅटऱ्यांच्या काळातली.

कारखान्यातल्या संथपणालाही आता प्रश्न विचारला गेला आहे. 2024 मध्ये स्टॅनफर्ड आणि स्लॅक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी पहिल्या चार्जिंगचा करंट खूप वाढवला. दहा तासांचं काम वीस मिनिटांत झालं. 9 टक्क्यांऐवजी सुमारे 30 टक्के लिथियम निकामी झालं, आणि तरी सेलचं आयुष्य सरासरी 50 टक्क्यांनी वाढलं! आरंभीच मोठी किंमत मोजल्याने इलेक्ट्रोडना पुढे मोकळीक मिळाली. मार्दव हेच हितकर, हे गृहीतकसुद्धा तपासावं लागतं.

घरातली काळजी खोटी नाही, तिची जागा चुकते. उन्हात तापलेली बॅटरी निवू देऊन मग चार्ज करणं, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण न भरता अर्ध्याच्या आसपास ठेवणं, यांचं फळ वर्षागणिक टिकलेल्या किलोमीटरांत मोजता येतं.