उत्तर देऊ नये

दरवर्षी 1 जुलैला, डॉक्टर्स डेला, मी आमच्या डॉक्टरांना न चुकता शुभेच्छा पाठवतो. डॉ. बिधानचंद्र रॉय 1882 साली 1 जुलैला जन्मले आणि 1962 साली 1 जुलैलाच गेले. इतका चोख हिशेब जुळवणारा माणूस खरं तर बँकेत हवा होता. तर मागच्या 1 जुलैला मी सकाळीच समई, फुलं, जोडलेले हात आणि ‘डॉक्टर म्हणजे चालताबोलता देव’ असं चित्र पाठवलं. आणि देव जागे आहेतच म्हणून खाली लिहिलं, ‘आईची शुगर 210. गोळी एक की दीड?’ नमस्कारामागोमाग मागणं ही आपली परंपराच आहे. रात्री पावणेबाराला उत्तर आलं, ‘दीड.’ बाकी अक्षर नाही. मला जरा रागच आला. इतकी फुलं पाठवली, त्यांचा साधा उल्लेख नाही!

त्यानंतर महिन्याभराने भाची आली. ती एका सरकारी रुग्णालयात एम. डी. करते. दोन दिवसांसाठी आली आणि त्यातला दीड दिवस झोपली. आईने तीनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. उठल्यावर तिने मोबाईल दाखवला. डॉक्टरांनी थकून जाऊ नये म्हणून तिच्याकडे हल्ली आठवड्यातून दोनदा मेसेज येतात. ‘आज पाणी प्यायलात का? पाच मिनिटं स्वतःसाठी काढा.’

‘‘मामा, हा आला सकाळी नऊला. मी वाचला दुसऱ्या दिवशी दुपारी.’’

‘‘मग काढलीस का पाच मिनिटं?’’

‘‘काढली ना. साठलेले मेसेज पुसायला.’’

मी हसलो, पण हसणं घशात अडकलं. कारण असले मेसेज आम्हालाही येतात. महिनाअखेर, कॅश पाचशेने कमी आणि वरून मेसेज : ‘ताण घेऊ नका. दीर्घ श्वास घ्या.’ एकदा मी आज्ञाधारकपणे काउंटरवरच घेतला. समोरचे धानवाले भाऊ म्हणाले, ‘‘सुस्कारे काहून टाकून राहिले जी? पैसे तर माझेच काढून राहिलो!’’

बी. कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्र वापरलं की झिजतं, ती झीज दरसाल वहीत दाखवायची. माणसाच्या घसाऱ्याला वहीत रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली ‘बर्नआऊट’ आपल्या वर्गीकरणात नीट व्याख्या करून घातला. आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणातून होणारी गोष्ट म्हणून. म्हणजे दोष यंत्राचा नाही, ते चालवणाऱ्याचा!

गंमत पाहा. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांपेक्षा जास्त काम नको, असं केंद्र सरकारने 1992 साली लिहून ठेवलं. जगातला पहिला मोबाईल संदेशही 1992 सालचाच, 3 डिसेंबरचा. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या, बावीस दिवस आधीच पोचलेल्या. त्या संदेशाची पिलावळ माझ्या खिशापर्यंत आली. 48 तासांचा नियम मात्र वाटेतच कुठेतरी उतरला. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने 74 तासांच्या वर नको आणि आठवड्याला एक सुटी द्या, अशी शिफारस केली. व्याजाच्या हिशेबाने वाढ मामुली आहे. पण भाची म्हणते, चौऱ्याहत्तर मिळाले तरी पेढे वाटीन.

तेव्हा माझं मत ठरलं की हे मेसेज म्हणजे शुद्ध लबाडी. पाणी पिण्याची आठवण नको, पाणी पिऊन येईपर्यंत खुर्चीवर बसायला दुसरा माणूस हवा. ड्युटीचा तक्ता ज्याच्या हातात आहे त्याने मेसेज पाठवू नये, माणूस पाठवावा.

भाचीने मात्र वाद घातला. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोटो म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते. निराशेमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांपैकी निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. दोनचार ओळींची. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांत आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. ‘‘ते रुग्ण होते, आम्ही डॉक्टर,’’ ती म्हणाली, ‘‘पण त्या पत्रात काय होतं माहितेय? तुमची आठवण आहे, एवढंच. मागणं काही नाही.’’

मागणं काही नाही! मी मोबाईल काढून डॉक्टरांना पाठवलेले मेसेज वर सरकवत गेलो. सहा वर्षांत एकही बिनमागणीचा नाही. ‘सर, फक्त दोन मिनिटं’ मात्र जागोजाग. गोंदियात 2016 साली सरकारी मेडिकल कॉलेज झालं. सालेकसा-देवरीची सोडा, बालाघाटहूनही माणसं इथे उपचाराला येतात. या सगळ्यांचं काम फक्त दोन मिनिटांचंच असतं. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर मीही ही दोन मिनिटं मोजलेली आहेत. ड्युटीचा तक्ता माझ्या हातात नाही हे खरं, पण रात्री पावणेबाराचा ‘दीड’ तर माझ्याच खात्यावर होता.

म्हणून एका रविवारी बिनमागणीचा मेसेज लिहायला बसलो. वाटलं होतं तेवढं सोपं नाही ते. ‘कसे आहात?’ लिहिलं, तर तो प्रश्न झाला. म्हणजे उत्तराचं काम आलं. ‘काळजी घ्या’ ही तर आज्ञा. ‘आभारी आहे’ने आमची कर्जफेडीची पत्रं संपतात. शेवटी लिहिलं : ‘डॉक्टरसाहेब, आईची तब्येत उत्तम आहे. काही विचारायचं नाही. तुमची आठवण आली. उत्तर देऊ नये.’ शेवटचं वाक्य बँकेच्या सवयीने आलं, पण प्रथमच मनापासून.

अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

‘‘काय झालं आईंना?’’ डॉक्टरांचा आवाज धावत आल्यासारखा.

‘‘काही नाही साहेब. लिहिलंय ना, उत्तम आहे.’’

‘‘मग मेसेज का केलात?’’

‘‘सहज.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, ‘‘घाबरवलंत हो.’’ आणि हसले. सहा वर्षांत त्यांचं हसणं मी प्रथमच ऐकलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे माणूस घरी होता, जेवत होता.

तेवढ्यात सौ.ने कोपराने ढोसलं. ‘‘फोन त्यांनीच केलाय, तर माझ्या गुडघ्याचं विचारून घ्या ना. दोन मिनिटं!’’

मी मोबाईलवर हात ठेवला.