धुरावाचून अग्नी

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच एक डोंगर भेटतो. त्या डोंगरावर धूर दिसत असतो. अग्नी दृष्टीस पडत नाही, पण धुरावरून तो तेथे आहे असे विद्यार्थ्याने ओळखायचे असते. शेकडो वर्षे हा डोंगर असाच धुमसतो आहे. मात्र आपले नैयायिक मोठे चिकित्सक. धूर असेल तेथे अग्नी असतोच, पण अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही, हे सांगून ठेवायला ते विसरले नाहीत. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा.

तो गोळा आता आपल्या घरी आला आहे. पलंगाच्या उशाशी, भिंतीवरच्या प्लगात तो रात्रभर खोचलेला असतो आणि त्याला आपण डासांचे मशीन म्हणतो. दिवाळीच्या अंकात डासांचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. पावसाळा सरता सरता येणारे हे पाहुणे फराळाचे डबे रिकामे झाले तरी हलत नाहीत, हे आपणा सर्वांनाच ठाऊक आहे. (फटाक्यांच्या धुराने डास मरतात असे सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना फटाके उडवायचे असतात, एवढाच त्याचा अर्थ.)

पूर्वी डास घालवायचे म्हणजे धूर करायचा. गोठ्यात गोवऱ्या पेटवून त्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकीत. डास जात, गुरे शांत होत, आणि माणसे डोळे चोळीत खोकत बसत. जपानमध्ये उएयामा नावाच्या व्यापाऱ्याने शेवंतीच्या जातीतल्या एका फुलाची पूड घालून 1890 साली डासांची उदबत्ती केली. ती फार लवकर संपे, म्हणून 1902 साली तिचे वेटोळे बाजारात आले. त्या फुलातल्या द्रव्याची नक्कल, ॲलेथ्रिन, अमेरिकेत 1949 साली प्रयोगशाळेत तयार झाली, आणि 1963 साली फुमाकिला या जपानी कंपनीने अग्नीच काढून टाकला. विजेने तापणारी एक पट्टी आणि तिच्यावर औषधात भिजवलेली वडी, बस्स. आपल्याकडे 1984 साली गुडनाइटची निळी वडी आली. औषध संपत आले की ती पांढरी पडते. निळा रंग डासांसाठी नसतो; माणसाला कळावे म्हणून घातलेला असतो. तापणारी चकतीही मोठी समंजस. ठरावीक उष्णतेला पोचली की ती आपण होऊनच वीज घेणे कमी करते. पुढे वडीच्या जागी औषधाची बाटली आणि वात आली. वात म्हणायची, पण ती पेटत नाही.

या शोधाने माणसाचे भले केले हे मी निःशंकपणे म्हणतो. एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण पाऊणशे ते सव्वाशेहून अधिक सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. तान्ह्या मुलाच्या खोलीतून तो धूर गेला याचे दुःख कोण करील?

पण धुराबरोबर आणखीही काही गेले. धूर करणाऱ्याच्या डोळ्यांतही धूर जात असे. तो शेजाऱ्याला दिसे, आणि आपण काहीतरी घालवून देत आहोत हे स्वतःलाही विसरता येत नसे. वाफेला रंग नाही, वास असला तर सुगंधी. आपण खटका दाबतो आणि झोपतो. डास कोठे गेला, हा प्रश्न आपल्या उशाशी येतच नाही.

आणि तो विचारण्याजोगा प्रश्न आहे. औषध पुरेसे असले तर डास मरतो. हवेत विरळ झाले तर तो नुसता दूर जातो. पुष्कळ सालस माणसांना हे दुसरेच अधिक आवडते. मारल्याचे पाप नको, हाकलले की झाले! मला मात्र हाकलणे हे मारण्याहून निरागस वाटत नाही. मेलेला डास कोणाला चावत नाही. हाकललेला डास उपाशी असतो, आणि त्याला — खरे म्हणजे तिला, कारण रक्त पिते ती मादी — कोठेतरी जायचेच असते. टांझानियातल्या खेड्यांत अंगाला लावायच्या डासविरोधी औषधाची अशी परीक्षा झाली आणि 2013 साली ती प्रसिद्ध झाली. औषध लावणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या, पण स्वतः न लावणाऱ्या घरांत डास चौपट आढळले. ते औषध अंगाचे होते, भिंतीवरचे नव्हे, हा भेद मान्य. पण उपाशी डासाला तो भेद कळत असेल असे मला वाटत नाही.

आमच्या इमारतीचे पहारेकरी काका फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि रात्री अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळतात. तो धूर पहिल्या मजल्यापर्यंत येतो. म्हणून तो बंद करावा असा अर्ज सह्यांसाठी घरोघर फिरला. मी खाली जाऊन त्यांना विचारले, "काका, या धुराचा तुम्हालाच त्रास होत नाही का?"

"व्हतो की," ते म्हणाले. "पर खोकल्यानं खाडा पडत न्हाई, साहेब. तापानं पडतो. तुमी वर मशीन लावता, मग ते समदे खाली आमच्याकडं उतरतात बगा."

वरचे डास खरोखर खाली उतरतात की नाही, हे मोजायला आमच्याकडे कोणी शास्त्रज्ञ आला नव्हता. मी अर्जावर सही केली नाही. एका सभासदाने सुचवले, काकांनाही एक मशीन देऊ. सूचना प्रेमळ होती, पण त्या यंत्राला भिंती लागतात. दारे-खिडक्या असलेल्या खोलीतच त्याची वाफ साठते. फाटकाशी ती वाऱ्यावर जाते. बॅटरीवर किंवा छोट्या वायूच्या नळकांडीवर चालणारी, बरोबर नेण्याची यंत्रेही निघाली आहेत, पण वारा त्यांचेही ऐकत नाही. म्हणजे ज्याला घर आहे त्याच्यासाठीच हा बिनधुराचा अग्नी. उघड्यावर बसणाऱ्याच्या वाट्याला डास, धूर आणि त्या धुराबद्दलची तक्रार, अशी तिन्ही येतात.

1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्यानंतर मुंबईने या दुखण्यावर उपाय शोधला तो घरापुरता नव्हता. डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात बोट ठेवले ते लोकांच्या खाजगी विहिरींवर. शहरातला हिवताप पसरवणारा डास त्या विहिरींत वाढत होता. विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका, असे ठरताच गदारोळ झाला. पारशी, हिंदू, जैन अशा अनेकांच्या धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागत असे, आणि त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. भांडणे झाली, तडजोडी झाल्या, झाकणे बसली. ज्याने आपली विहीर झाकली त्याला स्वतःपुरती फारशी खास सोय मिळाली नाही. डास कमी झाला तो सगळ्या आळीचा. आजच्या मशीनचा व्यवहार याच्या अगदी उलटा आहे. पैसे माझे, झोपही माझी.

मी मशीन काढून टाकलेले नाही, आणि कोणी काढावे असेही म्हणत नाही. घरात नातवंड झोपलेले असताना तत्त्वज्ञानासाठी त्याला डासांच्या हवाली करणारा माणूस मला भयंकर वाटेल. परंतु अर्ज फिरत होता त्याच आठवड्यात मी गच्चीवर जाऊन आलो. आमच्या पाण्याच्या टाकीचे झाकण एका बाजूने तडकले आहे, आणि विहिरीतला तो जुना मुंबईकर डास अशा टाक्यांतही सुखाने वाढतो. ही गोष्ट मी सभेत सांगितली. धुराची चर्चा तासभर चालली होती, झाकणाची पाच मिनिटांत संपली. नवे झाकण बसवावे याला कोणाचाच विरोध नव्हता. वर्गणी घरटी समान घ्यावी की क्षेत्रफळाप्रमाणे, आणि तळमजल्याच्या दुकानदारांकडून घ्यावी की नाही, एवढेच ठरायचे राहिले आहे. चिटणीसांनी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली आहेत, त्यांतली दोन आली आहेत.