मुलाचे स्वातंत्र्य आणि कोसबाडची टेकडी

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह सुरू झाले. मुले कामकऱ्यांची. त्यांच्या हाती साधने देऊन माँटेसरी पाहत राहिल्या. छोटी मुलगी ठोकळे खाचांत बसवते, काढते, पुन्हा बसवते; भोवतीच्या गोंगाटानेही तिची तंद्री मोडत नाही.

या पद्धतीच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. मुलाच्या आत स्वतःला घडवणारी शक्ती असते, मोठ्यांनी तिच्या वाटेत येऊ नये. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, त्या हीच श्रद्धा घेऊन.

पण कल्पनेचे काय? लहान वयात परीकथांपेक्षा वास्तव द्यावे, असे त्यांचे मत. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका त्यांचेच अनुयायी, तरी भावनगरच्या बालमंदिरात त्यांनी गोष्टींना मानाचे पान दिले. गिजुभाईंचेच बरोबर होते! गोष्टीविना बालपण कोरडे राहते.

माँटेसरींची साधने मात्र महाग होती. हा प्रश्न बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाडला सोडवला. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा अंगणवाडी त्यांच्या वस्तीत गेली आणि कुरणशाळा गुरे राखणाऱ्यांच्या मागे रानात.

लहान मुलाला माँटेसरी पद्धत मानवते, यात शंका नको. मात्र शाळेच्या पाटीवरच्या ‘माँटेसरी’ या नावाला भुलू नका. प्रवेशाआधी वर्गात थोडा वेळ बसा आणि मूल आपले काम स्वतः निवडते का, तेवढे पाहा.