ताटात काय आणि पोटात किती

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी स्टेपलर शोधायला लेकीच्या टेबलाचा खण उघडला आणि आत सापडले पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेले पोळीचे वाळलेले तुकडे! लेक नऊ वर्षांची. ‘ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही’ हा आमच्या घरचा नियम. ताट रोज स्वच्छ होत होतं आणि आम्ही नवराबायको खुशीत होतो.

मला राग आला तो खोटेपणाचा. जाब विचारला, तर ती म्हणाली, "बाबा, माझं पोट भरलं होतं. पण तू म्हणालास, ताट संपव."

वीस वर्षं मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरतो आहे. इथे चूक मूळ मागणीतच होती. मी स्वच्छ ताट मागितलं, मला स्वच्छ ताट मिळालं!

हा नियम माझ्या आजीचा, सांगलीचा. तिने १९७२ चा दुष्काळ पाहिला होता, सुकडी आणि मिलोचे दिवस पाहिले होते. अन्न टाकणं तिच्या लेखी पाप होतं, आणि ते खरंच होतं. शिवाय आम्ही शाळेत चालत जायचो, दिवेलागणीपर्यंत मैदानावर असायचो. शिकागोच्या या उपनगरात फ्रिज भरलेला, शाळेची बस कोपऱ्यावर आणि चार महिने थंडी. नियम माझ्याबरोबर विमानात बसला, त्यामागचं कारण मात्र सांगलीलाच राहिलं.

बरं, सगळं मुलांवर सोडावं म्हटलं तर तेही परवडणारं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! वरून सडसडीत दिसणारे आपण आतून तसे असतोच असं नाही. माझे वडील इन्सुलिन घेतात आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मलाही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. त्यामुळे काळजी खरी आहे.

मग प्रश्न उरतो तो अधिकाराचा. मुलांच्या भल्यासाठी त्यांच्यावर सक्ती करावी का? आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी या जबाबदारीची सरळ वाटणी केली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून जेवायचं, हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे अमेरिकन लाड आपल्याला नकोत.

पण नंतर आपल्या पंगतीतला आग्रह आठवला. आपण पाहुण्याला ‘अजून एक घ्या’ म्हणतो, तो ताटावर हात आडवा धरतो, आपण हसून पुढे जातो. आग्रहाची गोडी त्या आडव्या हातात आहे. नाही म्हणायची मुभा नसेल, तर तो आग्रह कसला? पाहुण्याला दिलेला हा मान मी माझ्या लेकीला देत नव्हतो. उलट, पोट भरल्याची आतली खूण दाबून टाकायला आणि वर खोटं बोलायला मीच तिला शिकवत होतो.

व्यायामाचंही तेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचा खेळ-व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी लॅपटॉपवरून मान वर न करता तिला ‘जा, खेळ’ म्हणायचो. आता जेवणानंतर आम्ही दोघं फिरायला जातो. फारच थंडी असली तर बेसमेंटमध्ये लंगडी! माझी दमछाक बघून तिला भलताच आनंद होतो.

घरात काय आणायचं हे आजही आम्हीच ठरवतो. चिप्सची पाकिटं बंद झाली, माझीसुद्धा. जेवताना मात्र ती स्वतः वाढून घेते. आधी थोडं, मग हवं तर पुन्हा. पातेल्यात उरलेलं दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात जातं, म्हणजे आजीचाही मान राहतो.

परवा तिने अर्धी पोळी ताटात ठेवली आणि म्हणाली, "पोट भरलं." माझ्या ओठांवर जुना नियम आला होता. मोठ्या कष्टाने गिळला. मित्रहो, अर्धी पोळी उरली खरी, पण ती ताटात उरली, खणात नाही.